अकरा वाजताची कळ

माझ्या भावजयीला आमची सगळी संस्था फुंकणी म्हणते. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण तिला ते पसंत आहे. रागावली की ती चिठ्ठीखाली त्याच नावाने सही करते.

आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरात ती काचकाम करते. आम्हा रसायनवाल्यांना लागणारी जी उपकरणं बाजारात मिळत नाहीत, किंवा मिळतात पण आम्ही धुताना फोडतो, ती सगळी ती बनवून देते. दोन्ही हातांनी काचेची नळी ज्योतीवर फिरवत राहायची आणि काच मऊ झाली की तिला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने हलकीशी फुंकर घालायची, असं ते काम आहे. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे रबरी नळी तोंडातच धरून ठेवावी लागते. हे शेवटचं वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

सोमवारी साडेअकराला ती डाव्या गालावर हात ठेवून माझ्या प्रयोगशाळेत आली.

"ताई, दाढेवर काही आहे का तुमच्याकडे?"

एरवी ती मला ताई म्हणते. टोमणा मारायचा असला की वन्सं.

"कुठली दाढ?"

"शेवटची. अक्कलदाढ असणार."

"एकतिसाव्या वर्षी?"

"माझी अक्कल उशिराच येते. लवकर आली असती तर तुमच्या भावाशी लग्न केलं असतं का?"

मी विजेरी घेतली, काचेच्या कांडीने तिचा गाल बाजूला केला आणि पाहिलं. दाढ अर्धीच वर आली होती. तिच्या मागच्या भागावर हिरडीचा पदर पडला होता आणि तो पदर लालभडक सुजला होता. हे समजायला अवघड नाही. अशा पदराखाली अन्नाचे कण जातात, तिथे ब्रश पोहोचत नाही, मग जंतूंचा संसार थाटला जातो. हिरडी सुजते. सुजलेली हिरडी वरच्या दाढेखाली चावली जाते, म्हणून आणखी सुजते. आणखी सुजली की आणखी चावली जाते.

"डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"शुक्रवारनंतर."

शुक्रवारी तिची परीक्षा होती. तिला काम शिकवणारे मास्तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांची जागा ती चालवत होती, पण सहा-सहा महिन्यांच्या हंगामी पत्रांवर. कायम व्हायचं तर समितीसमोर बसून चार तासांत एक सर्पिल कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायचं काचेचं उपकरण, बनवून दाखवायचा होता: बाहेर जाड नळी, आत वेटोळी घातलेली बारीक नळी, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली, कुठेही गळती नाही. समिती तीन वर्षांतून एकदा जमते, कारण तिच्या तिन्ही सदस्यांना एकाच दिवशी सवड मिळणं ही ग्रहणासारखी घटना आहे. ही संधी हुकली तर जागा रद्द होणार होती, तळघराला कुलूप लागणार होतं आणि काच बाहेरून मागवली जाणार होती.

"डॉक्टर दाढ उपटणार," फुंकणी म्हणाली. "उपटली की दहा दिवस फुंकायचं नाही, ओढायचं नाही. फुंकलं तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते आणि खाली हाड उघडं पडतं. मास्तरांचं झालं होतं तसं. ते म्हणतात, त्यापुढे दाढ दुखणं म्हणजे गुदगुल्या."

म्हणजे शुक्रवारपर्यंत दाढ आत आणि डॉक्टर बाहेर. मधल्या चार दिवसांची जबाबदारी माझ्यावर आली.

दुखणं नीट समजून घेतल्याशिवाय उपाय करू नये, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या दाढेबाबत हे मत बाळगणं सोपं जातं. मी तिला एक वही दिली. दर अर्ध्या तासाने वेदनेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. उपाय एका वेळी एकच, नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही. आणि पहिला दिवस तुलनेसाठी, म्हणजे काहीही न करता नुसत्या नोंदी.

"काहीच नाही?"

"आजचा दिवस."

"वन्सं, तुमच्या प्रयोगातल्या उंदरांनासुद्धा तुम्ही यापेक्षा बरं वागवता."

तरी तिने नोंदी केल्या. ती माझ्याइतकीच काटेकोर आहे, फक्त तिचा काटेकोरपणा दिसायला छान असतो. संध्याकाळी तिच्या घरी मी वही तपासत होते. अकराला आठ, हा मागाहून आठवून लिहिलेला. साडेअकराला 'आठ आणि वर तुम्ही'. जेवताना चार. दुपारी चारला नऊ.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, शाळेत व्यायाम शिकवतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या रोगांवर एक तर बर्फ असतो किंवा मैदानाला दोन फेऱ्या. त्याने बायकोकडे बघितलं आणि एका दमात सांगून टाकलं, "कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर, गालाला बाहेरून बर्फ लाव, दुखणं थांबायची गोळी घे आणि उद्या डॉक्टरकडे जा."

"चारही एकदम केलं तर कशाने बरं वाटलं ते कळणार कसं?" मी विचारलं.

"ताई, कळायचंय कुणाला?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. लहानपणापासूनची सवय आहे.

मंगळवारी मी लवंगेच्या तेलावर आले. लवंगेच्या तेलाने दाढ बधिर होते, त्यात नवल नाही; पण दुकानातल्या बाटलीत मूळ द्रव्य किती, भेसळ किती, कोण जाणे. मोजमाप नाही तिथे माझा जीव रमत नाही. माझ्या कपाटात मात्र ते मूळ द्रव्य, युजेनॉल, व्यवस्थित बंद बाटलीत होतं. शुद्धता नव्व्याण्णव टक्के. मी कापसावर दोन थेंब घेतले आणि चिमट्याने नेमके हिरडीच्या पदरावर ठेवले.

दहा मिनिटांत फुंकणीचा चेहरा खुलला.

"ताई, तुम्ही देवी आहात."

मी वहीत 'दोन' लिहिलं आणि वेळ टाकली.

तासाभरात ती देवी खाली उतरली. कापूस काढला तर हिरडीवर पांढरा डाग पडला होता आणि डागाभोवती आग आग होत होती. शुद्ध म्हणजे सौम्य नव्हे, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते. प्रयोगशाळेतली कुठलीही बाटली तोंडाजवळ नेऊ नये, हा नियम तर भिंतीवर लावलेला आहे. अक्षर माझं आहे.

मी तिला ग्लासमागून ग्लास थंड पाणी खुळखुळायला लावलं. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने वही ओढून घेतली आणि लिहिलं: 'साडेबारा – दहा. दहाच्या पुढचे आकडेही ठेवावेत.' खाली सही: फुंकणी.

बुधवारी सकाळी तिचं तोंड पुरतं उघडेना. मी वर्नियर लावून मोजलं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एकोणीस मिलिमीटर. सरळ सांगायचं तर मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत. तिचं दीड बोट जेमतेम जात होतं.

"मोजलंत?" माझा भाऊ दारात उभा राहून म्हणाला. "आता चप्पल घाला. दोघी."

दातांची डॉक्टर बुटकी, ठणठणीत आवाजाची बाई होती. तिच्या खोलीत एक खुर्ची, एक दिवा आणि दात घासायची पद्धत दाखवणारा प्लॅस्टिकचा जबडा होता. जबड्याच्या डोक्यावर कुणीतरी लोकरीची टोपी घातली होती. तिने फुंकणीच्या तोंडात आरसा घातला आणि थांबली.

"हे पांढरं काय?"

मी सांगितलं.

"किती टक्के?"

"नव्व्याण्णव."

"आणि उरलेला एक टक्का अक्कल होती वाटतं?"

फुंकणी खुर्चीत हसायला गेली आणि कळवळली.

"डाग भरेल आठवड्यात," डॉक्टर म्हणाली. मग क्ष-किरणाचं चित्र उजेडाला धरलं. दाढ सरळ उभी नव्हती. पुढे झुकून ती शेजारच्या दाढेला टेकली होती, बोलघेवडा शेजारी कुंपणाला टेकावा तशी. "ही काढायचीच. पण आज नाही."

"आज नाही?" फुंकणी ओठांच्या फटीतून म्हणाली.

"एवढ्या सुजेत कोण काढतं? आधी सूज उतरवायची, मग काढायची. सोमवारी आला असतात तरी हेच केलं असतं."

फुंकणीने माझ्याकडे बघितलं. मी टोपीवाल्या जबड्याकडे बघितलं. दोन दिवस आम्ही ज्या डॉक्टरच्या पकडीला घाबरून लपलो होतो, ती पकड हातात घ्यायलाच तयार नव्हती.

डॉक्टरने बोथट सुईच्या पिचकारीने हिरडीच्या पदराखाली खारं पाणी सोडलं. जे बाहेर आलं ते तिने ताटलीत घेऊन दाखवलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"रविवारचं जेवण. फार तर शनिवारचं." मग तिने सांगितलं, "दिवसातून चार-पाच वेळा मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरायची. बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून. शेकायचं नाही. ही गोळी जेवल्यावर घ्यायची, हिरडीवर ठेवायची नाही. काही शहाणे ठेवतात, तीही भाजते. ताप आला किंवा गिळताना दुखलं तर तडक इथे यायचं. मग परीक्षा-बिरीक्षा मी ऐकणार नाही."

माझा भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. न बघणं इतकं मोठ्याने करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"दुखतं कधी जास्त?" डॉक्टरने विचारलं. मी वही पुढे केली. आलेख काढलेला होता. तिने तो बघितला आणि तिची भिवई वर गेली.

"जेवताना चार. आणि सकाळी अकराला आठ, दुपारी चारला नऊ. जेवणापेक्षा जास्त? अकराला काय चावता तुम्ही?"

"काही नाही. काम करते."

"कामात काय चावता?"

फुंकणीने पिशवीतून रबरी नळी काढली. तोंडात धरायच्या टोकाला, डाव्या बाजूला, दातांच्या खुणांची खोल खाच पडली होती. ती नळी डाव्या शेवटच्या दाढांमध्ये धरते. चौदा वर्षं धरत आली आहे. आणि गेला महिनाभर परीक्षेचा सराव म्हणून रोज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास जास्तीचे. वरची दाढ तिने स्वतःच्या हाताने, म्हणजे स्वतःच्या जबड्याने, त्या सुजलेल्या पदरावर दाबून धरली होती. सोमवारपासून आकडा माझ्यासमोर लिहिलेला होता. मी त्याचा सुबक आलेख काढला होता, अक्षांना नावं दिली होती, आणि अकरा वाजता माणूस काय करतो हे विचारलं नव्हतं.

डॉक्टरने वरच्या दाढेचं टोचणारं टोक किंचित घासलं. "नळी उजवीकडे धरा. शुक्रवार झाला की सोमवारी या."

गुरुवार उजवीकडे गेला. ऐकायला सोपं वाटतं. पण नळी उजवीकडे गेली की मान डावीकडे झुकते, मान झुकली की ज्योतीचा कोन बदलतो, आणि उजवं कोपर नळीला अडकतं. सकाळभरात तीन वेटोळी तुटली. दुपारी मास्तर बघायला आले. त्यांच्या तोंडात एकही स्वतःचा दात नाही.

"चावायची नसते गं ती," ते स्टुलावर बसून म्हणाले. "ओठांत धरायची. मी तुला चौदा वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"नाही सांगितलंत."

"मग मनात म्हटलं असेन."

"तुम्हाला दातच नव्हते, म्हणून ओठांत धरत होतात."

"कारण काही असो, पद्धत बरोबर होती ना?"

तिने ओठांत धरून बघितली. नळी सारखी निसटत होती. मास्तर प्रत्येक वेळी 'अरेरे' म्हणत, पण असं की जणू त्यांना मजा येत होती. चौथं वेटोळं टिकलं.

संध्याकाळी तोंड सव्वीस मिलिमीटर उघडलं. दुपारी चारचा आकडा होता तीन. मिठाचं पाणी, बर्फ, गोळी, पिचकारी, घासलेलं टोक, सरकलेली नळी: सगळं एकदम झालेलं. कशाचा गुण आला, हा रकाना मी रिकामा सोडला. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

शुक्रवारी दहाला समिती तळघरात आली: अध्यक्ष, संस्थेचा एक अधिकारी आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, ज्या स्वतः काचकाम करत. कंडेन्सर माझ्या प्रयोगशाळेसाठी बनणार होता, म्हणून नियमाने मीही हजर. नात्यातली असल्यामुळे मला मत नव्हतं. शेवटी तो मोजून आराखड्याप्रमाणे आहे की नाही एवढं सांगायचं आणि सही करायची. तोवर बोलायची मनाई. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिने वेटोळं घातलं. ते सुंदर झालं. बाहेरच्या नळीत सरकवलं, वरचं टोक जोडलं. नळी ओठांत होती. तीन तास होऊन गेले. खालचं टोक उरलं, आणि तेच सगळ्यात अवघड. आतली आणि बाहेरची काच एकाच वेळी मऊ व्हावी लागते. माणूस असं काही करायला लागला की जुन्या सवयी हळूच परत येतात. ओठांतली नळी डावीकडे सरकायला लागली. मला दिसत होतं. बोलायची मनाई होती. मास्तर खोकले. ती ऐकण्याच्या पलीकडे होती.

नळी दाढांमध्ये गेली आणि तिने चावली.

"ऊं!"

तो सगळा 'ऊं' नळीत गेला. बाहेरच्या काचेच्या खांद्यावर एक फुगा आला, बोराएवढा. अध्यक्ष पुढे वाकले. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं.

तिचे हात थांबले नाहीत. मला आठवतं ते एवढंच. डोळ्यांत पाणी होतं, आणि दोन्ही हात एकाच वेगाने काच फिरवत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. तिने नळी तोंडातून सोडून दिली. फुगा ज्योतीत धरला. काच पुरेशी तापली की तिला आपणहून आक्रसायचं असतं. तिने तिला घाई केली नाही. फुगा उतरत गेला. मग तिने मान वाकवली, लोंबणारी नळी नेमकी ओठांच्या मधोमध पकडली आणि एक फुंकर घातली. इतकी हलकी की ती घातली हे फक्त काचेला कळलं.

कंडेन्सर भट्टीत गेला, हळूहळू थंड झाला, आणि चार वाजता परीक्षक बाईंनी तो पाण्यात बुडवून आत हवेचा दाब दिला. एकही बुडबुडा नाही. मग त्यांनी तो पुसून उजेडात धरला.

"खांद्यावर हे काय? आराखड्यात नाही."

"अक्कलदाढ," फुंकणी म्हणाली.

बाईंनी तिच्या गालाकडे बघितलं, रबरी नळीकडे बघितलं, आणि स्वतःच्या जबड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळल्या. "बाहेरच्या व्यासात एक मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. तुम्ही मोजा."

मी वर्नियर काढलं. आता फुंकणी माझ्याकडे बघेना. तिला माहीत होतं, एक पूर्णांक एक आला तर मी एक पूर्णांक एकच सांगेन. मलाही माहीत होतं. त्या क्षणी मला माझा स्वभाव अजिबात आवडला नाही. मी फुगवट्याची सगळ्यात उंच जागा शोधली आणि तीनदा मोजलं.

शून्य पूर्णांक नऊ. शून्य पूर्णांक नऊ. शून्य पूर्णांक नऊ.

मी आकडा मोठ्याने वाचला. मग सही केली. ती सही अजून फायलीत आहे आणि माझी वाटत नाही. मास्तर स्टुलावरून उठले. "मी सांगितलं होतं, ओठांत धर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि नाक पुसत जिना चढून गेले.

सोमवारी दाढ निघाली. तळघराच्या दारावर 'दहा दिवस फुंकर बंद' अशी पाटी लागली आणि त्या दहा दिवसांत संस्थेतल्या प्रत्येकाने काहीतरी फोडलं. कायमचं पत्र नवव्या दिवशी आलं. माझ्या भावाने ते घरी तीनदा वाचून दाखवलं आणि तीनही वेळा मधेच थांबून मला विचारलं, "ताई, बर्फ हवाय?"

अकराव्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली तर टेबलावर काचेची एक कुपी होती. दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली. आत दाढ. कुपीवर आमच्या बाटल्यांना असते तशीच चिठ्ठी चिकटवलेली होती, माझ्याच नमुन्यात, टंकलेखनासकट:

'अक्कलदाढ. डावी, खालची. शुद्धता नव्व्याण्णव टक्के. उरलेला एक टक्का: वन्सं. तोंडाजवळ नेऊ नये.'

खाली सही होती: फुंकणी, कायम.

मी दार लावून घेतलं, चंचुपात्रात पाणी भरलं आणि कुपी बुडवून धरली. पाच मिनिटं बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.